सॉफ्टवेअर विकणं सगळ्यांना जमतं का? नांगर, अँटीव्हायरस आणि बियाण्याच्या पाकिटाचा इतिहास

"कोडिंग जमत नसेल तर सेल्सला जा." बी.ए., बी.एस्सी. किंवा डिप्लोमा झालेल्या पोरापोरींना आजकाल हा सल्ला सहज मिळतो. सल्ल्यामागे दोन गृहीतकं असतात. एक, सॉफ्टवेअर बनवायला डोकं लागतं, विकायला नुसतं तोंड लागतं. दोन, तोंड सगळ्यांनाच असतं. म्हणजे हे काम कुणालाही जमेल! याच्या अगदी उलट मतही तितक्याच ठामपणे सांगितलं जातं: विक्रेता जन्माला यावा लागतो, आणि मराठी घरात तो फारसा जन्माला येत नाही.

माझ्या पीएचडीचा विषय विक्रीच्या नोकरीचा इतिहास हा आहे. म्हणजे माल विकण्याचा नव्हे, तर दुसऱ्याचा माल पगारावर किंवा कमिशनवर विकणाऱ्या माणसांचा. गावाकडं, उमापूरला गेलो की "हे शिकून काय उपयोग?" असं विचारतात. उपयोग हा, की वरच्या दोन्ही मतांना इतिहासाचा आधार नाही हे दाखवता येतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विक्री कुणाला जमते हे स्वभावावर थोडंफार ठरतं; पण गिऱ्हाइकाच्या 'नाही'चा खर्च कोण सोसतं, यावर ते त्याहून जास्त ठरतं.

हा प्रश्न पुस्तकी नाही. गेवराई तालुक्यातल्या एखाद्या घरातून पोरगं पुण्याला जातं तेव्हा खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे, कधी एखाद्या कोर्सची फी हे सगळं घरच्या कापसातून किंवा उसनवारीतून जातं. सहा महिन्यांत टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून ते परत आलं, तर गाव एकच निष्कर्ष काढतं: पोराला जमलं नाही. नोकरीची रचनाच तशी होती का, हे कुणी विचारत नाही. आणि पोरगं स्वतःही विचारत नाही, हे जास्त वाईट.

काम नेमकं काय असतं

सॉफ्टवेअर सेल्स हे एका कामाचं नाव नाही. एकजण दिवसभर यादीतल्या अनोळखी नंबरांवर फोन करतो आणि फक्त भेटीची वेळ ठरवतो. दुसरा डेमो देतो, भाव ठरवतो, सही घेतो. तिसरा विकल्यानंतर ग्राहकाकडं लक्ष ठेवतो आणि वर्ष संपलं की नूतनीकरण करून घेतो. चौथा डीलर सांभाळतो. या चौघांच्या कार्डावर मिळतीजुळती नावं असतात, पण फोनवाल्याला दिवसात शंभर नकार आणि नूतनीकरणवाल्याला महिन्यात दहा तक्रारी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पगाराचेही दोन भाग असतात, पक्का आणि टार्गेटवर अवलंबून असलेला. नवख्याला जो आकडा सांगतात तो बहुधा दोन्हींची बेरीज असते. अमेरिकेत याचा आणखी एक प्रकार चालतो: पुढं मिळणाऱ्या कमिशनमधून वळते करून घ्यायचे म्हणून आधी पैसे द्यायचे. विक्री झाली नाही तर ते अंगावर राहतात. बीड जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीला जाणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते, ती हीच गोष्ट. हंगाम पडला तरी उचल फिटावी लागते. आपल्याकडच्या काही कंपन्यांत ग्राहकानं पैसे परत घेतले की विक्रेत्याला आधी दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेतात. नाव वेगळं, हिशेब ओळखीचा.

विक्रेते घडवायची पद्धत

'विक्रेता जन्मावा लागतो' हे मत मोडून काढणारा माणूस होता जॉन पॅटरसन. १८८४ साली त्यानं अमेरिकेतल्या डेटन गावात गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी घेतली आणि तिचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर ठेवलं. दुकानदारांना हे यंत्र नकोच होतं. गल्ल्यावर बसणाऱ्या नोकरांना तर ते शत्रूच वाटायचं, कारण त्यात चोरी पकडली जायची. पॅटरसननं काय केलं? जे विक्रेते चांगलं विकत होते ते नेमकं काय बोलतात, हे लिहून काढून १८८७ मध्ये त्याची पुस्तिका बनवली आणि बाकीच्यांना ती पाठ करायला लावली. पुढं विक्रेत्यांसाठी शाळा काढली. प्रत्येकाला ठरावीक इलाखा दिला, म्हणजे एकाच्या गिऱ्हाइकात दुसरा शिरणार नाही. आणि प्रत्येकाला कोटा दिला.

आज ज्याला स्क्रिप्ट, टेरिटरी आणि टार्गेट म्हणतात, ते सगळं इथून आलं. थॉमस वॉटसन हा १८९६ मध्ये या कंपनीत लागला. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळेना. मग त्याचा वरिष्ठ स्वतः त्याच्याबरोबर दुकानं फिरला आणि कसं बोलायचं ते दाखवलं. हाच वॉटसन पुढं कंपनीचा मोठा अधिकारी झाला, पॅटरसननं त्याला काढून टाकलं, आणि १९१४ मध्ये तो ज्या कंपनीत गेला तिचं नाव १९२४ पासून आयबीएम.

या गोष्टीतून दोन धडे निघतात, आणि जाहिरातीत फक्त पहिला सांगतात. पहिला: विक्री शिकवता येते. दुसरा: शिकवण्यासाठी कंपनीनं शाळा, हद्द आणि बरोबर फिरणारा वरिष्ठ हे स्वतःच्या खर्चानं दिलं होतं. नुसता कोटा दिला आणि बाकीचं दिलं नाही, तर ती पॅटरसनची अर्धीच पद्धत झाली. तीही जास्त कठोर अर्धी.

सॉफ्टवेअरला वेगळी किंमत कधी आली

सॉफ्टवेअर विकणं हे मुळात फार जुनं कामच नाही. १९६० च्या दशकात मोठा संगणक घेतला की प्रोग्रॅम आणि तो चालवायची मदत मशीनबरोबरच मिळायची. जून १९६९ मध्ये आयबीएमनं जाहीर केलं की आता सॉफ्टवेअर आणि सेवांचे पैसे वेगळे लागतील. तिथून 'न दिसणाऱ्या वस्तूची' बाजारपेठ वाढायला लागली. मशीन निदान हात लावून बघता येतं. सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाईक पैसे देतं ते एका शब्दावर: हे चालेल, आणि नाही चाललं तर आम्ही येऊ.

भारतात गोष्ट जरा वेगळी घडली. मुंबईत १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, १९७८ मध्ये पटणी कॉम्प्युटर सिस्टीम्स. या कंपन्यांचा मोठा धंदा परदेशातल्या ग्राहकांचं काम करून देण्याचा झाला. तिथं विकणारे थोडे आणि काम करणारे हजारो. म्हणून 'सॉफ्टवेअरमध्ये नोकरी' म्हणजे प्रोग्रॅमर, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं. १९७३ च्या परकीय चलन कायद्यातल्या भागभांडवलाच्या अटीवरून आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातला धंदा बंद केला, तेव्हा त्यांची मशीनं सांभाळायचं काम सरकारी सीएमसी कंपनीकडं आलं. विक्रेता गेला, दुरुस्तीवाला राहिला! हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दुकानदाराला, अडत्याला, छोट्या कारखान्याला खोक्यातलं सॉफ्टवेअर विकायचं काम आपल्याकडं १९८० च्या दशकाअखेर आणि नव्वदीत वाढलं. बंगळुरूच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर, म्हणजे आजचं टॅली, हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. ते गावोगाव पोचलं ते स्थानिक डीलर, शिकवणी घेणारे क्लास आणि हिशेब लिहिणारे यांच्या जोरावर.

पण आधी एक नांगर

मराठी माणसाला विकता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट पुन्हा सांगावी लागते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगितलं जातं. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

आता हाच प्रसंग आजच्या भाषेत मांडा. दोन वर्षं, ४० नग, तेही न खपलेले. त्या नांगरांसाठी एखादा विक्रेता महिन्याच्या टार्गेटवर नेमला असता तर त्याला तिसऱ्या महिन्यात घरी पाठवलं असतं, आणि 'नांगर विकणं याला जमत नाही' असा शेरा पडला असता. नांगर टिकला कारण थांबायचा खर्च मालकानं स्वतः सोसला. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कारखान्याच्या जाहिराती आणि विक्रीची बाजू पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, यांनी सांभाळली. त्यांचा पिंड चित्रकाराचा. १९२० मध्ये त्यांनी काढलेलं 'किर्लोस्कर खबर' मुळात कारखान्याचं पत्रक होतं, कंपनीची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत न्यायचं. त्याचंच पुढं मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं. म्हणजे आपल्याकडचा एक मोठा विक्रेता घडला तो रेषा आणि लेखणीतून. 'बोलणाऱ्याची बोरंही खपतात' ही म्हण खरी असेल, पण लिहिणाऱ्याचे नांगरही खपतात.

दुरुस्तीच्या टेबलावरून

सॉफ्टवेअरचंच मराठी उदाहरण हवं असेल तर पुण्याच्या क्विक हीलचं घ्या. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरकडचं काटकर कुटुंब. मोठे भाऊ कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली, मग स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. धाकटे संजय कॉलेजात संगणक शिकत होते. १९९३ मध्ये संगणक दुरुस्तीची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनांत व्हायरस निघायचे, पुन्हा पुन्हा निघायचे. संजय यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून नव्वदीच्या मध्यात क्विक हील तयार झालं. २००७ मध्ये कंपनीनंच ते नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

यात विक्रीच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय? कैलास काटकरांकडं एमबीए नव्हतं, सफाईदार इंग्रजीची पार्श्वभूमी नव्हती. पण त्यांचं गिऱ्हाईक आधीच दुकानात उभं होतं, बंद पडलेलं मशीन घेऊन. विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच होता. पुढं हे अँटीव्हायरस पोचलं तेही संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानांतून. ही दुकानं तालुक्याच्या गावातही होती. तिथल्या पोरानं 'हे टाकून घ्या' म्हटलं की लोक टाकून घ्यायचे, कारण उद्या मशीन बिघडलं तर त्याच्याचकडं जायचं होतं. आयबीएम गेल्यावर मागं राहिलेला दुरुस्तीवाला आठवा. विश्वास त्याच्याकडंच होता.

दुसरी बाजूही बघा. त्या दुकानातल्या पोराला दिवसाला शंभर अनोळखी फोन करायला बसवलं असतं तर तो कदाचित टिकला नसता. माणूस तोच, वस्तू तीच, पण नोकरीची रचना वेगळी.

उमापूरला हे आधीपासून माहीत आहे

न दिसणारी वस्तू विकणं उमापूरच्या परिसराला नवीन नाही. बियाणं ही तशीच वस्तू आहे. पाकिटावरून काही कळत नाही. जे कळायचं ते तीन-चार महिन्यांनी, रानात. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यानं. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. विकतचं बियाणं दर हंगामाला घ्यायचं, ही सवय मराठवाड्यात लागली ती गावच्या आणि बाजारपेठेच्या दुकानदारामार्फत. तो उधारीवर पाकीट द्यायचा आणि कापूस घरी आल्यावर पैसे घ्यायचा.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत तेव्हा साधारण १,६०० रुपये. त्या किमतीत तंत्रज्ञानाच्या शुल्काचा मोठा वाटा होता. म्हणजे शेतकरी सरकीबरोबर एक प्रकारचं लायसन्सच विकत घेत होता, आणि तेही दर वर्षी नव्यानं. सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीशी याचं किती साम्य आहे बघा.

मग २०१७ मध्ये महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळी आली. बियाण्याची कंपनी लांब होती, तंत्रज्ञानाची मालकी त्याहून लांब. शेतकऱ्याच्या समोर होता तो पाकीट हातात देणारा दुकानदार. तो गावातच राहणारा, लग्नाकार्यात भेटणारा. माल दुसऱ्याचा, शब्द मात्र त्याचा. ही विक्रीच्या कामातली सगळ्यात जड बाजू आहे आणि कुठल्याही कोर्समध्ये ती शिकवत नाहीत. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातल्या परिचारिका आणि थकबाकी वसूल करणारे यांच्या कामावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की काही नोकऱ्यांत पगार हातापायांच्या कष्टांचा नसतो; चेहऱ्यावर आणि आवाजात ठरलेली भावना आणण्याचा असतो. ती भावना खरी नसेल तर माणूस आतून थकतो. स्वतःला न पटलेलं सॉफ्टवेअर 'सर, तुमच्यासाठी एकदम परफेक्ट आहे' म्हणून विकणाऱ्याला हा थकवा येतो. तो आळस नाही आणि कमजोरीही नाही.

मग कुणी जावं?

इतिहासातून नोकरीचा सल्ला काढताना जपून राहावं लागतं. तरी विचारलंच तर मी म्हणेन: 'मला जमेल का?' हा दुसरा प्रश्न आहे. आधी नोकरीबद्दल चार प्रश्न विचारा.

पक्का पगार किती? टार्गेटचा एक रुपयाही न मिळता त्यात खोलीभाडं आणि मेस भागते का? भागत नसेल तर थांबायचा खर्च तुमच्या घरचे सोसणार आहेत, कंपनी नाही.

शिकवणार कोण? वॉटसनबरोबर फिरला तसा एखादा वरिष्ठ तुमच्या पहिल्या फोनांवर बरोबर बसणार आहे, की नुसती स्क्रिप्ट हातात देऊन यादी उघडणार?

विकल्यानंतर काय? सॉफ्टवेअर अडलं तर दुरुस्त करणारी माणसं आहेत का, की शिव्या खायलाही तुम्हीच?

गिऱ्हाईक कोण? अमेरिकेतल्या कंपन्यांना रात्री फोन करायचे असतील तर इंग्रजी आणि झोप दोन्ही पणाला लागतात. पण पतसंस्था, दूध संकलन केंद्र, शाळा, दवाखाने, खत-बियाण्याची दुकानं, कापसाचे अडते यांनाही सॉफ्टवेअर लागतं. तिथं हंगाम कधी, पैसे कधी येतात, कुणाशी कसं बोलायचं हे उमापूरच्या पोराला पुण्यातल्या पोरापेक्षा जास्त कळतं. मुलींनाही हे लागू आहे: बचत गटाचे हिशेब बघितलेली मुलगी पतसंस्थेच्या मॅनेजरला काय हवं ते लवकर ओळखते. ही पात्रता बायोडेटात लिहायची कुणाला सुचत नाही, एवढंच.

या चार प्रश्नांची उत्तरं बरी आली तर स्वभावाकडं बघा. आणि तिथंही 'बडबड्या' हा निकष धरू नका. शंकरराव चित्रकार होते, कैलास काटकर दुरुस्ती करणारे. नकार ऐकल्यावर तो आपल्या माणूसपणाला नव्हे, वस्तूला दिलेला आहे, हे ज्याला झोपायच्या आधी स्वतःला पटवता येतं, त्याला हे काम सोसतं. ज्याला ते पटत नाही, रात्रभर तेच फोन कानात वाजतात, त्यानं टेस्टिंग, सपोर्ट, प्रशिक्षण किंवा अगदी वेगळं काही धरावं. विक्रीशिवायही सॉफ्टवेअरमध्ये भरपूर कामं आहेत आणि सॉफ्टवेअरशिवायही जगात भरपूर कामं आहेत.

तर, सॉफ्टवेअर विकणं सगळ्यांना जमतं का? नाही. पण ज्यांना जमलं नाही त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात दोन वर्षांचा नांगर देऊन एका महिन्याची मुदत दिलेली होती. घरी परत आलेल्या पोराला 'जमलं नाही का?' असं विचारण्याआधी 'मुदत किती दिली होती?' हे विचारा. आणि आईबापांनीही पुढच्या वेळी ऑफर लेटरमधला मोठा आकडा सोडून पक्क्या पगाराची ओळ आधी वाचावी.